जुनी पिकअप, नवं इंजिन: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

चेन कप्पीला टांगलेलं इंजिन चासीत उतरवायला एक दुपार पुरते. बाकीच्या गाडीला त्याच्याशी जमवून घ्यायला लावण्यात मात्र महिने जातात. शेडमध्ये अर्धवट उघड्या पडलेल्या पिकअप नीट बघा. बहुतेकींमध्ये इंजिन बसलेलं असतं, आणि काम अडलेलं असतं ते पेट्रोलच्या लाइनमध्ये, वायरिंगमध्ये, नाहीतर ऑइल चेंबरला आडव्या आलेल्या क्रॉसमेंबरपाशी, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीपाशी. म्हणून या लेखात इंजिन उतरवण्याबद्दल थोडंच लिहिलंय आणि त्याच्या भोवतालाबद्दल जास्त.

जोडी कुठलीही असली तरी कामाचा क्रम तोच राहतो. पण उदाहरण एकच धरलं तर बोलणं हवेत राहत नाही. मी धरतोय 1967 ते 1972 या काळातली शेव्हरोले सी-10 पिकअप आणि तिच्यात 1999 नंतरच्या ट्रकमधलं 5.3 लिटरचं व्ही-8. या कामात सगळ्यात जास्त चाललेली हीच जोडी आहे.

हीच जोडी का

सी-10 मध्ये मुळात येणारं व्ही-8 हे 1955 पासून चालत आलेल्या स्मॉल ब्लॉक घराण्यातलं: कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, आणि थंडीत सकाळी मनधरणी. त्याच कंपनीचं नवं घराणं 1997 च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस-1 या नावाने आलं आणि 1999 च्या मॉडेलपासून ट्रकमध्ये 4.8, 5.3 आणि 6.0 लिटर अशा मापांत मिळायला लागलं. ट्रकची ही इंजिनं प्रचंड संख्येने बनली. बहुतेकांचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. प्रत्येक सिलिंडरला स्वतःची इग्निशन कॉइल असते आणि डिस्ट्रिब्युटर नसतोच. कंपनीने सुरुवातीच्या पिढीतल्या बिडाच्या 5.3 ची ताकद वर्षानुसार 270 ते 295 हॉर्सपॉवर सांगितलेली आहे.

आकड्यांची तुलना करताना एक लक्षात ठेवा. 1972 च्या आधी अमेरिकी कंपन्या इंजिन टेबलावर उघडं ठेवून, पूर्ण सायलेन्सर वगैरे न लावता मोजलेली ताकद छापत. त्यामुळे जुन्या पुस्तिकेतले 250 आणि नव्या पुस्तिकेतले 250 एक नव्हेत. जुना आकडा फुगवलेला असतो.

इंजिनाआधी गाडी बघा

नवशिके आधी इंजिन आणतात, आणि ते कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून असताना चासीला गंजाचं भोक सापडतं. क्रम उलटा ठेवा. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, उचला आणि चासीच्या दोन्ही पट्ट्या हातोडीने ठोकत पुढून मागे जा. गंज आतून खात असेल तर आवाज बदलतो. स्टिअरिंग बॉक्सचा खेळ बघा आणि तो चासीला जिथे बोल्ट केलेला असतो तिथे चिरा शोधा.

मग ब्रेक. सी-10 ला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक 1971 पासून आले. त्याआधी चारही चाकांना ड्रम. चारही ड्रम असलेल्या गाडीत ताकद वाढवायची असेल तर पुढचे ब्रेक आधी बदला. इंजिन नंतर. यावर कुणाशी वाद घालायची माझी तयारी नाही.

कागदपत्रांचंही आत्ताच बघून घ्या. कित्येक ठिकाणी इंजिन नंबर नोंदणीत असतो आणि बदल करण्याआधी परवानगी लागते. काही ठिकाणी इंजिन गाडीच्या सालापेक्षा जुनं चालत नाही, आणि नव्या इंजिनासोबत आलेलं प्रदूषण नियंत्रणाचं सामान, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट सगळं, जसंच्या तसं लागतं. काम झाल्यावर नियम वाचले तर वेल्डिंग केलेला सायलेन्सर पुन्हा कापावा लागतो.

डोनर गाडीतून काय काय उचलायचं

नुसतं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नका. राहिलेल्या वस्तू एकेक करून गोळा करताना तो स्वस्तपणा कुठल्या कुठे जातो. शक्य असेल तर डोनर म्हणून, म्हणजे सामान काढून घ्यायला, अपघाताने मागून चेपलेली पूर्ण गाडी बघा. तीत इंजिन आणि पुढचं वायरिंग शाबूत असण्याची शक्यता जास्त असते.

इंजिनासोबत त्याच गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणि न कापलेलं पूर्ण वायरिंग घ्या. एअर फिल्टरची पेटी आणि तिच्यातला हवा मोजणारा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, अल्टरनेटर आणि स्टिअरिंग पंप त्यांच्या ब्रॅकेटसकट, आणि गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणारा द्रवाचा डबा) व फ्लेक्सप्लेटसकट (तो डबा क्रँकला धरणारी चकती) घ्या. अ‍ॅक्सिलरेटर वायरवर चालणारा, म्हणजे केबलशिवायचा असेल, तर पायातलं पेडल आणि त्याचा छोटा मोड्यूलही त्याच गाडीचा हवा. या तीन गोष्टी, ईसीयू, मोड्यूल आणि पेडल, एकमेकांना ओळखणाऱ्या असल्या तरच थ्रॉटल उघडतो. पहिल्याच कामाला केबलचा थ्रॉटल मिळाला तर तोच घ्या. जुन्या पेडलला केबल जोडली की ते प्रकरण मिटतं.

ईसीयू आणि इंजिन जुळतात का हे क्रँकशाफ्टवरच्या दात्यांच्या चकतीवरून ठरतं. सुरुवातीच्या पिढीत तिला 24 दाते, पुढच्या पिढीत 58. 24 दात्यांच्या इंजिनाला 58 वाला ईसीयू लावलात तर सेल्फ फिरत राहील, स्पार्क येणार नाही. 1999 ते 2002 च्या ट्रकच्या ईसीयूला निळा आणि लाल कनेक्टर असतो, 2003 पासून निळा आणि हिरवा. भंगाराच्या ढिगात उभं असताना हा रंग कामाला येतो.

इंजिन पारखताना ऑइल भरायचं झाकण काढून आत बघा. काळा चिखल असेल तर पुढच्या इंजिनाकडे वळा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे सगळ्यात मागचे बोल्ट तुटलेले असणं या इंजिनात इतकं नेहमीचं आहे की त्यावरून भाव पाडा, पण इंजिन नाकारू नका. 5.3 च्या हेडवर 706 असा कास्टिंग नंबर असेल तर मात्र थांबा. त्यातल्या काही हेडना आतून चीर जाऊन कूलंट ऑइलमध्ये उतरायचं. त्यामुळे ऑइल दुधाळ आहे का, कूलंट कमी होतंय का, हे आधी तपासा. 2007 च्या आसपासपासून पुढच्या कित्येक इंजिनांत कमी भारावर अर्धे सिलिंडर बंद करणारी यंत्रणा आहे आणि तिचे लिफ्टर बिघडतात. पहिल्या कामाला त्यापेक्षा जुनं, साधं इंजिन बरं. जमलं तर आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती आला यापेक्षा आठही जवळपास सारखे आले का, हे महत्त्वाचं.

जुनं काढताना

बॅटरी सोडा. पेट्रोलच्या टाकीतलं पेट्रोल काढा. 1972 पर्यंतच्या सी-10 मध्ये टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असते, हे विसरून कुणी तिथे ग्राइंडर चालवू नये. कूलंट आणि ऑइल काढून घ्या. मग बोनेट दोघांनी मिळून उतरवा. बिजागऱ्यांभोवती आधी मार्करने रेघ मारा, म्हणजे परत बसवताना जागा शोधत बसावं लागत नाही.

फोटो काढा. तुम्हाला वाटतात त्याच्या तिप्पट काढा. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा, आणि ते नाव तुम्हाला चार महिन्यांनी समजेल असं लिहा. माझ्या पहिल्या गाडीत एका वायरवर मी नुसतं ‘ही ती’ असं लिहून ठेवलं होतं.

इंजिन उचलायच्या क्रेनचा हात जितका बाहेर ओढाल तितकी त्याची क्षमता कमी होते. हातावर प्रत्येक भोकापाशी छापलेला आकडा वाचा. टांगलेल्या इंजिनाखाली हात-पाय नाहीत, कितीही घाई असली तरी.

कोरं बसवून बघणं

इथे वेळ घाला. कंटाळा येईपर्यंत घाला. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून, वायरिंग आणि पाइप न लावता, आधी नुसतं चासीत ठेवून बघायचं. एकदा ठेवून काम होत नाही. पाच-सहा वेळा वर-खाली करावं लागतं.

आधी फाउंडेशन, म्हणजे इंजिन चासीला धरणारे आधार. जुन्या स्मॉल ब्लॉकला दोन्ही बाजूंना तीन-तीन बोल्टांची जागा असते, नव्याला चार-चार. मधे लावायच्या पट्ट्या तयार मिळतात, आणि त्या इंजिन किती पुढे किंवा मागे बसवतात यानुसार वेगवेगळ्या असतात. पट्टी घेण्याआधी इंजिन लाकडी ठोकळ्यांवर टेकवून हवी ती जागा शोधा, मग त्या जागेला जुळणारी पट्टी घ्या. उलटं केलंत तर पट्टी म्हणेल तिथे इंजिन बसेल आणि हेड फायरवॉलला, म्हणजे केबिनच्या पुढच्या पत्र्याला, टेकेल.

मग ऑइल चेंबर. ट्रकच्या इंजिनाचं चेंबर खोल असतं आणि जुन्या गाडीच्या क्रॉसमेंबरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला अडतं. क्रॉसमेंबर कापायचा मोह होतो. तो आवरा आणि उथळ चेंबर लावा. चेंबर बदललं की तीन गोष्टी त्याच्यासोबत बदलतात: ऑइल खेचणारी नळी, डिपस्टिक आणि ऑइलचं माप. ट्रकच्या मूळ चेंबरला साधारण 5.7 लिटर लागतं. नव्या चेंबरला त्याच्या पत्रकात लिहिलेलं असेल तेवढं. जुनी डिपस्टिक नव्या चेंबरला वापरलीत तर ती बिनदिक्कत खोटं बोलेल.

त्या नळीच्या टोकाला एक लहानशी ओ-रिंग असते. चेंबर उघडलंच आहे तर ती नवी घाला, आणि तुमच्या नळीच्या प्रकाराला जुळणारीच घाला. चुकीच्या जाडीची किंवा बसवताना दुमडलेली रिंग हवा खेचते आणि ऑइलचं प्रेशर येत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. इंजिन परत बाहेर काढून चेंबर उघडायला दोन दिवस गेले, आणि हातात आली ती बोटाच्या नखाएवढी चिरलेली रबराची कड. चेंबर परत लावताना त्याची मागची कड ब्लॉकच्या मागच्या तोंडाशी सपाट पट्टी धरून एका पातळीत आणा, कारण गिअरबॉक्सचे काही बोल्ट चेंबरलाही लागतात.

आता बाजूचं सामान. ट्रकच्या मांडणीत एसीचा कॉम्प्रेसर खाली असतो आणि जुन्या चासीला लागतो. अल्टरनेटर, पंप आणि कॉम्प्रेसर आपापल्या जागी लावूनच बसवून बघा. वरून मॅनिफोल्डवर ओल्या मातीचा गोळा ठेवा, बोनेट हलक्या हाताने बंद करून उघडा आणि गोळा किती दबला ते बघा. इंजिन जोर घेताना डोलतं, म्हणून बोटभर तरी मोकळीक हवी.

शेवटी शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचा कोन. कोन मोजताना गाडीचं वजन चाकांवर हवं, घोड्यांवर नव्हे. साधारणपणे इंजिन आणि गिअरबॉक्स मागे सुमारे 3 अंश खाली कललेला असतो, आणि मागच्या डिफरन्शियलचं नाक तेवढंच वर. म्हणजे दोन्हींच्या रेषा समांतर. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळणाऱ्या जोडांचे) कोन एक अंशाच्या फरकात ठेवलेत तर गाडी थरथरत नाही. कोन मोजायला फोनसुद्धा चालतो, फक्त तो तिरक्या बॉडीवर नको, मशीन केलेल्या सपाट पृष्ठभागावर धरा. एका तुकड्याचा शाफ्ट नव्या लांबीचा करून घ्यायचा असेल तर माप सगळं कायमचं बसल्यावरच द्या, आणि पुढचा दातेरी योक पूर्ण आत न जाता साधारण 25 मिलिमीटर बाहेर राहील असं द्या.

गिअरबॉक्स कोणता

सोपी वाट म्हणजे डोनरचाच ऑटोमॅटिक, बहुधा 4एल60-ई. जुना तीन गिअरचा टर्बो-350 ठेवायचा असेल तर तोही लागतो. नव्या ब्लॉकच्या मागच्या तोंडावरचे बोल्ट जुन्याशी जवळपास जुळतात. सहापैकी पाच सापडले म्हणजे पुरे. पण नव्या क्रँकची मागची कड जुन्यापेक्षा सुमारे 10 मिलिमीटर आत असते. तेवढं अंतर भरणारा स्पेसर आणि त्याला जुळणारी फ्लेक्सप्लेट लागते. स्पेसर न घालता बोल्टने ओढून बसवलेले गिअरबॉक्स फार दिवस टिकत नाहीत.

मला विचाराल तर चार गिअरवाला घ्या. 28 इंच व्यासाचं टायर आणि 3.73 चा डिफरन्शियल धरला तर ताशी 100 किलोमीटरला तीन गिअरच्या गाडीत इंजिन मिनिटाला सुमारे 2780 फेऱ्या मारतं. 4एल60-ई च्या चौथ्या गिअरचं गुणोत्तर 0.70 आहे, त्यामुळे त्याच वेगाला 1950 च्या आसपास. लांबच्या प्रवासात हा फरक कानाला आणि टाकीला दोन्हीकडे कळतो.

ऑटोमॅटिक जोडतानाची एक चूक फार महाग पडते. टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या आत पूर्ण बसलेला हवा. तो फिरवत आत ढकलताना टप्प्याटप्प्याने ‘खट’ असे आवाज येतात, आणि ते सगळे यायला हवेत. मग गिअरबॉक्स इंजिनाशी लावल्यावर तोंडाला तोंड हाताच्या जोरानेच टेकलं पाहिजे आणि कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. फ्लेक्सप्लेट आणि कन्व्हर्टरमध्ये बोल्ट लावायच्या आधी 3 ते 5 मिलिमीटर फट दिसायला हवी. दोन तोंडांमध्ये फट राहिलीय म्हणून बोल्ट आवळत गेलात तर गिअरबॉक्सचा पंप आतल्या आत फुटतो, आणि ते कळतं गाडी पहिल्यांदा गिअरमध्ये टाकल्यावर.

पेट्रोल

कार्ब्युरेटरला पेट्रोलचा 5 ते 7 पीएसआय दाब पुरतो. या इंजिनाला सुमारे 58 लागतात, म्हणजे जवळपास दहापट. जुना इंजिनावरचा पंप, जुने रबरी पाइप आणि जुने स्क्रूचे क्लिप यातलं काहीही ठेवायचं नाही. इंजेक्शनसाठीचेच पाइप आणि त्यांचेच गुळगुळीत कडेचे क्लिप वापरा. या दाबाने गळणारं पेट्रोल ठिबकत नाही, फवारा उडतो.

टाकी केबिनमधून काढून मागे हौद्याखाली, चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये नेणं मला योग्य वाटतं. डोक्यामागे पेट्रोल ठेवून झोपही नीट लागत नाही. टाकी नवी असली तर पंप तिच्या आतच बसवा. तो पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो आणि आवाजही कमी करतो. दाब ठरवायला रेग्युलेटर लागतो. 1999 ते 2003 च्या कॉर्व्हेटचा फिल्टर आणि रेग्युलेटर एकाच नळकांड्यात येतो आणि 58 च्या आसपासच दाब धरतो, म्हणून या कामात तो सर्रास वापरला जातो. तो टाकीजवळ लावा, म्हणजे परतीचा पाइप लहान होतो आणि पुढे एकच लाइन न्यावी लागते.

वायरिंग, जिथे सगळे घाबरतात

घाबरण्यासारखं त्यात फार नाही. इंजिनाच्या वायरिंगचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं ईसीयूला जातं. तुमच्या जुन्या गाडीशी त्याचा संबंध मोजक्या वायरींचा: कायमचा करंट, चावी फिरवल्यावरचा करंट, अर्थ, पेट्रोल पंप, फॅन, चेक इंजिनचा दिवा, स्कॅनरचं सॉकेट, स्पीडोमीटर. जुन्या दिव्यांचं, इंडिकेटरचं, वायपरचं वायरिंग आहे तसं राहू द्या. दोन्ही वायरिंग एकमेकांत मिसळायला गेलं की गुंता सुरू होतो.

डोनरचं वायरिंग स्वतः छाटणार असाल तर आधी त्या सालाचा आणि मॉडेलचा आराखडा मिळवा, प्रत्येक पिन मोजा आणि मगच कात्री लावा. नाहीतर तयार मिळणारं स्वतंत्र वायरिंग घ्या. पहिल्या गाडीला दुसरा रस्ता धरायला लाज वाटून घेऊ नका.

नवशिक्यांच्या गाड्या नेमक्या कुठे अडतात ते सांगतो. चावीचा करंट म्हणून तुम्ही निवडलेली वायर सेल्फ मारतानाही जिवंत राहते का? जुन्या स्विचमध्ये काही वायरींचा करंट सेल्फच्या वेळी तुटतो, म्हणजे रेडिओ-हीटरच्या वायरींचा. त्यातली वायर ईसीयूला दिलीत तर सेल्फ फिरताना ईसीयू झोपलेला असतो, आणि चावी सोडली की जागा होतो. कधी कधी चावी सोडताक्षणी एखादा स्पार्क पडतो आणि माणूस आठवडाभर सेन्सर बदलत बसतो. टेस्ट लॅम्प लावा, सेल्फ मारा, दिवा विझतो का बघा. दोन मिनिटांचं काम.

दुसरं, अर्थ. जुन्या गाडीत चासी, केबिन आणि इंजिन यांच्यामध्ये रबर, रंग आणि पन्नास वर्षांचा गंज असतो. बॅटरीपासून ब्लॉकला, ब्लॉकपासून चासीला आणि चासीपासून केबिनला अशा तीन जाड पट्ट्या लावा, आणि जिथे लावाल तिथे रंग खरवडून चकचकीत धातू काढा. मग सेल्फ मारताना मीटरचं एक टोक ब्लॉकवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा आहे. मी पाहिलेल्या ‘ईसीयू गेला’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कित्येकींना पॉलिश पेपरच पुरला.

पेट्रोल पंपाला स्वतंत्र रिले आणि बॅटरीकडून जाड वायर द्या. ईसीयू फक्त रिले चालवेल. चावी फिरवल्यावर पंप साधारण दोन सेकंद वाजून थांबला पाहिजे. तो सतत वाजत राहिला तर रिले चुकीचा जोडलाय, आणि अपघातात इंजिन बंद पडल्यावरही तो पेट्रोल ढकलत राहील. गिअर न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये नसताना सेल्फ न लागण्याचा जुना स्विचही कायम ठेवा.

ईसीयूमधला प्रोग्रॅमही बदलून घ्यावा लागतो. चोरीविरोधी कुलूप बंद करायचं असतं, नाहीतर इंजिन दोन सेकंद चालून बंद पडतं. त्याच वेळी टायरचं माप, डिफरन्शियलचं गुणोत्तर आणि गिअरबॉक्सचा प्रकार घालून घ्या.

जुन्या काट्यांचं काय? तापमानाचा जुना सेंडर नव्या हेडमधल्या भोकात थेट बसत नाही, आट्यांचं माप वेगळं असतं. बदली अ‍ॅडॅप्टर मिळतो. इंजिनाचा स्वतःचा सेन्सर ईसीयूलाच ठेवा आणि काट्यासाठी वेगळा लावा. एकाच सेन्सरवर दोघांना लटकवलं की दोघंही चुकीचं सांगतात.

पाणी

जुन्या इंजिनात थर्मोस्टॅट वर, पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाशी असायचा. नव्यात तो पाणी आत येण्याच्या बाजूला, पंपापाशी असतो. हीटर काढून टाकणार असाल तर त्याच्या दोन तोंडांना बुचं मारू नका, दोन्ही एका पाइपने एकमेकांना जोडा, म्हणजे पाणी फिरत राहील.

दोन्ही हेडच्या वरच्या बाजूला बारीक नळ्या असतात. त्यांतून वाफ आणि हवा बाहेर पडते. त्या रेडिएटरच्या वरच्या भागाला किंवा कूलंटच्या टाकीला जोडा. त्या बंद केल्या तर हेडच्या कोपऱ्यात हवा अडकते आणि काटा नॉर्मल दाखवत असताना तो कोपरा भाजत असतो. कूलंट भरताना गाडीचं नाक उंच ठेवा. फॅन इलेक्ट्रिक लावत असाल तर थर्मोस्टॅट उघडतो त्याहून थोड्या वरच्या तापमानाला तो चालू व्हायला हवा. खाली ठेवलात तर फॅन थांबणारच नाही.

सायलेन्सर

यावर फार सांगण्यासारखं नाही. मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या दांड्याला लागत नाही ना आणि सेल्फच्या वायरीपासून लांब आहे ना, हे बघा. ऑक्सिजन सेन्सर आडव्यापेक्षा वर तोंड करून लावा, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी त्याच्यावर येत नाही. सेन्सरच्या आधी कुठेही गळती नको. बाहेरची हवा आत शिरली की सेन्सरला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं, आणि ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो.

पहिला सेल्फ

जुन्या स्मॉल ब्लॉकमध्ये डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवता यायचा. इथे पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर असतो, ती सोय नाही. म्हणून सगळे स्पार्क प्लग काढा, इंजेक्टर आणि कॉइलचे फ्यूज काढा, आणि सेल्फ दहा-पंधरा सेकंद मारत, मधे थंड होऊ देत, प्रेशरचा काटा हलेपर्यंत फिरवा. काटा हलला नाही तर इंजिन सुरू करू नका. ती वर सांगितलेली ओ-रिंग आठवा.

मग प्लग आणि फ्यूज लावा. चावी फिरवून पंपाला दोन-तीनदा दाब भरू द्या आणि हातात टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा. आग विझवायचं सिलिंडर जवळ असू द्या, आणि केबिनमध्ये दुसरा माणूस, जो ओरडलात की चावी बंद करेल. इंजिन सुरू झाल्यावर रेस करायची घाई नको. पूर्ण गरम झाल्यावर 2000 फेऱ्यांना ऑइलचं प्रेशर किमान 18 पीएसआय हवं. निरोगी इंजिन त्याच्या बरंच वर असतं. स्कॅनर लावून कूलंटचं तापमान आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बघा. क्रँकचा सेन्सर किंवा ईसीयू बदलला असेल तर स्कॅनरमधून क्रँकची जागा नव्याने शिकवायची क्रिया करा, नाहीतर मिसफायर नसताना मिसफायरचा दिवा लागत राहतो.

पहिले पाचशे किलोमीटर

पहिल्या दिवशी घराभोवतीच फिरा, खिशात फ्यूज आणि गाडीत पाणी ठेवून. आवळलेल्या प्रत्येक मोठ्या बोल्टवर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढलेली असेल तर नंतरचं काम सोपं जातं. रेघ तुटली म्हणजे बोल्ट फिरला. फाउंडेशन, शाफ्टचे बोल्ट आणि एक्झॉस्ट 100 किलोमीटरला बघा, पुन्हा 500 ला. ऑइल आणि फिल्टर 500 ला बदला, आणि जुना फिल्टर कापून त्याच्या कागदात धातूची चमक आहे का बघा.

एक खड्ड्याचा रस्ता मुद्दाम शोधा आणि त्यावरून हळू जा. वायर कुठे घासतेय, पाइप कुठे चासीला लागतोय, हे सपाट रस्त्यावर कळत नाही. परत आल्यावर गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर जे ठिपके पडलेले असतील त्यांचा रंग आणि जागा बघून पुढच्या रविवारचं काम ठरतं.